अठरा जून : एका तारखेचा इतिहास

पणजी शहराच्या मध्यभागी एक वर्दळीचा रस्ता आहे. दुतर्फा दुकाने, कचेऱ्या, खानावळी आणि माणसांची सतत ये-जा. या रस्त्याला कोणा राजाचे, संताचे किंवा पुढाऱ्याचे नाव नाही. त्याचे नाव आहे ‘अठरा जून मार्ग’. नवखा प्रवासी ही पाटी वाचून क्षणभर थबकतो. चौकशी केली असता त्याला समजते, की १९४६ साली या तारखेला मडगावात एक सभा झाली होती. परंतु सभा झाली असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. कारण मुख्य वक्त्याने बोलण्यास आरंभ केला न केला तोच पोलिसांनी त्याला पकडून नेले. पुऱ्या न झालेल्या एका सभेची आठवण राजधानीच्या रस्त्याला चिकटून राहावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

वृत्तपत्रांतून रोज ‘दिनविशेष’ छापून येतो. कोणाचा जन्म, कोणाचा मृत्यू, कुठली लढाई, कुठला शोध, सारे एकेका ओळीत उरकलेले असते. वाचक त्यावरून नजर फिरवतो आणि बाजारभावाकडे वळतो. त्यात त्याचा दोष नाही. तारखेच्या अंगी स्वतःचा असा कोणताही गुण नसतो. मुहूर्त पाहून शुभकार्य करणाऱ्या समाजाला काही दिवस भाग्याचे आणि काही घाताचे वाटतात खरे. पण रणांगणावर एकाच दिवशी एक पक्ष जिंकतो आणि दुसरा हरतो, तेव्हा त्या दिवसाला शुभ म्हणावे की अशुभ? तरीसुद्धा एकच तारीख हाती धरून शतकांच्या पायऱ्या उतरत आले, तर एक गोष्ट स्पष्ट होत जाते. दिवस मावळताना जो निकाल लागलेला दिसतो, तोच काळाचा निकाल असतो असे नाही. अठरा जून या तारखेइतकी या गोष्टीची साक्ष देणाऱ्या तारखा थोड्या असतील.

पहिला प्रसंग १५७६ सालचा, मेवाडातला आहे. अरवलीच्या डोंगरात खमणोर आणि गोगुंदा यांच्या दरम्यान एक अरुंद खिंड आहे. तिथली माती हळदीसारखी पिवळी, म्हणून तिला हळदीघाट म्हणतात. आज सर्वत्र रूढ असलेली ग्रेगोरियन कालगणना १५८२ मध्ये सुरू झाली. तेव्हा या लढाईची तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे, आणि काही इतिहासकार ती २१ जून अशीही देतात. रूढ तारीख मात्र १८ जून हीच. एका बाजूला अकबराची फौज होती आणि तिचे सेनापतिपद अंबरच्या मानसिंहाकडे होते. दुसऱ्या बाजूला महाराणा प्रताप होता आणि त्याच्या आघाडीवर हकीम खान सूर हा पठाण सरदार लढत होता. रजपूत मोगलांचा सेनापती आणि पठाण राण्याचा बिनीचा वीर, अशी ही मांडणी होती. या लढाईला धर्मयुद्धाचा सरळ रंग देऊ पाहणाऱ्याची येथेच अडचण होते.

अब्दुल कादिर बदायूनी हा इतिहासलेखक त्या दिवशी मोगलांच्या बाजूने रणांगणावर हजर होता. त्या दिवशीचा उकाडा असा होता, की डोक्यातला मेंदू शिजून निघावा, असे त्याने नोंदले आहे. रजपुतांच्या पहिल्या हल्ल्याने मोगलांची आघाडी फुटली. पण मागची फळी पुढे आली आणि पारडे फिरले. राणा जखमी झाला. तेव्हा झाला मान या सरदाराने राण्याची राजचिन्हे आपल्या अंगावर घेतली, शत्रूचा रोख आपल्याकडे वळवला आणि तो तेथेच पडला. राण्याला सुरक्षित नेऊन चेतक घोड्याने प्राण सोडल्याची कथा तर मुलांनाही पाठ आहे. दुपार कलली तेव्हा मैदान मोगलांच्या हाती होते. दिनविशेष लिहिणाऱ्याने ‘मेवाडचा पराभव’ असे लिहावे इतका हा निकाल उघड होता.

परंतु ज्याच्यासाठी एवढी फौज आली होती तो माणूस हाती लागला नव्हता. पाठलाग नीट झाला नाही म्हणून अकबराची मानसिंहावर काही काळ इतराजी झाली. पुढे बादशहा स्वतः मेवाडात येऊन गेला. तरी राणा डोंगरातच राहिला. १५८२ मध्ये दिवेरच्या लढाईत त्याने मोगलांच्या ठाण्यांवर विजय मिळवला. १५९७ च्या जानेवारीत चावंड येथे त्याचा अंत झाला, तेव्हा चितोड आणि मांडलगड वगळता मेवाडचा बहुतेक मुलूख त्याने परत मिळवला होता. १६१५ मध्ये त्याचा पुत्र अमरसिंह याने जहांगीराशी तह केला, हेही खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण हळदीघाटाचे नाव घेताच लोकांच्या तोंडी येते ते हरलेल्याचेच. तिथे जिंकलेल्या मानसिंहाचे पोवाडे कोणी गात नाही.

दुसरा प्रसंग युरोपातला. १८ जून १८१५ हा रविवार होता. आदल्या रात्री पावसाने बेल्जियममधील वॉटर्लूचा परिसर भिजवून टाकला होता. चिखलात तोफा ओढणे कठीण. म्हणून जमीन थोडी सुकावी यासाठी नेपोलियनने सकाळचे काही तास जाऊ दिले. दुपारच्या सुमारास लढाईला तोंड लागले. समोर इंग्रज, डच आणि जर्मन पथकांची मिळून उभी केलेली फौज होती. तिचा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा दख्खनला अनोळखी नव्हता. बारा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई या गावाजवळ दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या संयुक्त सैन्याला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच. आपल्या आयुष्यातील सर्वांत सरस लढाई कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, तर असईचे नाव घेतले, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. मराठ्यांच्या तोफांना मिळालेले हे प्रशस्तिपत्र शत्रूच्या हातचे असल्यामुळे अधिक मोलाचे आहे.

वॉटर्लूला दिवसभर वेलिंग्टनची फळी जेमतेम टिकून राहिली. दुपारनंतर ब्ल्यूखरच्या प्रशियन पलटणी एकामागून एक फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर येऊन पडू लागल्या. त्यांना अडवण्यासाठी नेपोलियनने तीस हजारांहून अधिक सैन्य देऊन पाठवलेला सरदार ग्रूशी भलत्याच दिशेला गुंतून पडला होता. संध्याकाळी नेपोलियनने आपल्या निवडक रक्षक पथकाला पुढे काढले. तेही मागे हटले आणि फ्रेंच सेना उधळली. त्या एका दिवसात तिन्ही सैन्यांची मिळून चाळीस हजारांवर माणसे मेली वा घायाळ झाली. चार दिवसांनी नेपोलियनने सिंहासन सोडले आणि उरलेले आयुष्य सेंट हेलेना बेटावर कैदेत काढले.

येथे मात्र निकाल त्याच संध्याकाळी लागला असे म्हणावेसे वाटते. नेपोलियनपुरते ते खरेच आहे. पण विजेत्यांनी जी जुनी व्यवस्था फ्रान्समध्ये पुन्हा आणून बसवली, ती बूर्बोन घराण्याची गादी पंधरा वर्षांत, १८३० मध्ये, उलथली. उलट नेपोलियनच्या राजवटीत १८०४ साली सिद्ध झालेली दिवाणी कायद्याची संहिता फ्रान्समध्ये टिकली आणि इतर अनेक देशांच्या कायद्यांना तिने वळण दिले. सेनापती बेटावर मेला आणि त्याचा कायदा न्यायालयांतून जगत राहिला. सर्वांत पक्का समजला जाणारा निकालदेखील इतका अपुरा असतो.

तिसरा प्रसंग मराठी माणसाच्या काळजाला भिडणारा आहे. १८५८ चा मे महिना संपत आला होता. झाशी पडली होती, काल्पीही पडली होती. अशा वेळी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी एक अचाट बेत केला. इंग्रजांच्या पुढे पळत सुटण्याऐवजी त्यांनी ग्वाल्हेरवर चाल केली. १ जून रोजी जयाजीराव शिंदे आपले सैन्य घेऊन मुरारजवळ सामोरे आले. परंतु त्या सैन्यातील बहुतेक जण लढण्याऐवजी पलीकडे जाऊन मिळाले आणि महाराजांना आग्र्याचा रस्ता धरावा लागला. ग्वाल्हेरचा अभेद्य किल्ला, खजिना आणि तोफखाना एका दिवसात क्रांतिकारकांच्या हाती आला. नानासाहेबांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरली.

हा विजय अठरा दिवसही पुरला नाही. सर ह्यू रोज याने काल्पीहून भर उन्हाळ्यात मजल-दरमजल करत येऊन १६ जूनला मुरारची छावणी घेतली. दुसऱ्या बाजूने ब्रिगेडियर स्मिथ कोट्याच्या सराईपाशी येऊन ठेपला. ही पूर्वेची बाजू सांभाळण्याचे काम राणीकडे होते. तेथील धुमश्चक्रीत, घोडेस्वारांच्या हल्ल्यात, ती पडली. इंग्रजी लष्करी कागदांत ही घटना बहुधा १७ जूनची म्हणून आढळते; आपल्याकडे पुण्यतिथी पाळली जाते ती १८ जूनला. पंचांगाप्रमाणे हा दिवस शके १७८० च्या ज्येष्ठ शुद्ध सप्तमीचा येतो. एका दिवसाच्या या फरकाने कोणाची श्रद्धा डळमळण्याचे कारण नाही. राणी पुरुषवेषात, स्वाराच्या पोशाखात लढत होती. आपल्या हातून कोण पडले, हे घाव घालणाऱ्याला त्या घटकेला ठाऊकही नव्हते. विजेत्याला आपल्या विजयाचे मोल कळू नये आणि पराभूतांनी मात्र देह शत्रूच्या हाती पडू नये म्हणून घाईघाईने चिता रचावी, अशी ती संध्याकाळ होती. फुलबागेजवळ, बाबा गंगादासांच्या मठाच्या आसपास, तिला अग्नी देण्यात आला अशी परंपरा आहे. आज समाधी आहे ती तेथेच.

दुसऱ्या दिवशी, १९ जूनला, ग्वाल्हेर शहर पडले आणि २० ला किल्लाही गेला. त्या किल्ल्यावर पुढे पंचवीसहून अधिक वर्षे इंग्रजांची पलटण राहिली. १८८६ मध्ये तो शिंद्यांना परत मिळाला. पण त्याच्या मोबदल्यात झाशी शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले. जिच्यासाठी राणी लढली ती झाशी आणि जिथे ती पडली ते ग्वाल्हेर, यांची अशी अदलाबदल झाली. कागदावर पाहिले तर यापेक्षा संपूर्ण पराभव कोणता?

पण कागद आणखीही असतात. कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे एक भिक्षुक ब्राह्मण यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि त्या वावटळीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते झाशीतच होते. पुढे काल्पीच्या परिसरात एका विहिरीवर त्यांना धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी भेटली. ते पाणी काढून देऊ लागले. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी कष्ट घेऊ नयेत, असे म्हणून तिने स्वतःच पाणी ओढले. गोडसे भटजी घरी परतले, तेव्हा त्यांच्याजवळ मोठी दक्षिणा नव्हती. आठवण तेवढी होती. पुष्कळ वर्षांनी त्यांनी ती लिहून काढली. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने ती प्रसिद्ध केली. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांनी राणीच्या समाधिस्थळावर लिहिलेली कविता मराठी मुलांनी पिढ्यानपिढ्या शाळेत म्हटली. ज्या राणीचा दत्तक इंग्रज सरकारने नामंजूर केला, तिचे नाव देशातील हजारो घरांनी असे आपण होऊन दत्तक घेतले. तो मुलगा, दामोदरराव, इंदूरला राहिला आणि १९०६ मध्ये तेथेच वारला. मावशी, आत्या आणि आजी यांच्या तोंडून राणीची गोष्ट ऐकलेल्या मुलांतूनच पुढच्या लढ्याचे शिपाई निघाले.

रणांगण सोडून आता एका न्यायालयात जावयाचे आहे, कारण हीच तारीख तेथेही भेटते. १८ जून १८७३ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॅनानडेग्वा या गावी सुसान अँथनी या बाईंना शिक्षा सुनावण्यात आली. गुन्हा असा, की स्त्रियांना मताचा अधिकार नसताना त्यांनी आदल्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत मत दिले होते. न्यायाधीशांनी निकाल आधीच लिहून आणला होता. पंचांना आपसांत विचार करण्याची संधीही न देता त्यांनी बाईंना दोषी ठरवण्याचा आदेश दिला आणि शंभर डॉलरचा दंड केला. दंड भरणार नाही, असे अँथनी यांनी तेथल्या तेथे सांगितले आणि तो त्यांनी कधीही भरला नाही. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. तो १९२० साली एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने आला. खटला हरलेली बाई आणि मिळालेला हक्क यांच्यामध्ये सत्तेचाळीस वर्षांचे अंतर पडले. ते अंतर इतर अनेक स्त्रियांनी पायी तुडवले.

चौदा जून १९४० रोजी जर्मन सेनेने पॅरिसमध्ये प्रवेश केला. सतरा तारखेला वयोवृद्ध सेनानी मार्शल पेताँ यांनी फ्रेंच जनतेला रेडिओवरून सांगितले, की लढाई थांबवणे भाग आहे. त्याच सकाळी शार्ल द गॉल नावाचा एक सेनाधिकारी बोर्दोहून विमानाने लंडनला पोहोचला. ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा त्याला नुकताच तात्पुरता मिळालेला होता, मंत्रिमंडळात तो जेमतेम दोन आठवडे उपमंत्री होता आणि आता तेही पद उरले नव्हते. त्याच्यामागे सैन्य नव्हते, पक्ष नव्हता, पैसा नव्हता. चर्चिल यांनी त्याला एकच गोष्ट देऊ केली, ती म्हणजे बी.बी.सी.चा ध्वनिक्षेपक.

१८ जूनच्या रात्री द गॉल काही मिनिटेच बोलला. फ्रान्स एकटा नाही, हे युद्ध जागतिक आहे, एका लढाईने त्याचा शेवट झालेला नाही आणि प्रतिकाराची ज्योत विझता कामा नये, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ होता. त्याच दिवशी चर्चिल यांनीही पार्लमेंटात आपले गाजलेले भाषण केले. त्यामुळे लंडनच्या पत्रांचे लक्ष तिकडे होते. द गॉलचे भाषण बी.बी.सी.ने ध्वनिमुद्रित करून ठेवले नाही. घरदार सोडून रस्त्यावर लागलेल्या लक्षावधी फ्रेंच लोकांपैकी फारच थोड्यांनी ते ऐकले. पुढे लोकांच्या कानी पडत राहिलेले ध्वनिमुद्रण २२ जूनच्या भाषणाचे आहे. ऑगस्टमध्ये पेताँ सरकारच्या लष्करी न्यायालयाने त्याला गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा फर्मावली.

आकाशातून गेलेले शब्द कोणाच्या कानी पडतात, हे बोलणाऱ्याला कधीच दिसत नाही. परंतु ते शब्द कुठे ना कुठे रुजतात. सप्टेंबर १९४० मध्ये पाँडिचेरी आणि चंद्रनगर यांसह फ्रेंच हिंदुस्थानच्या कारभाराने द गॉलची बाजू घेतली, म्हणजे त्या हाकेला आलेली एक ओ या भूमीवरूनही गेली होती. २५ ऑगस्ट १९४४ रोजी द गॉल मुक्त पॅरिसमध्ये शिरला. स्वातंत्र्याची ही हाक देणाऱ्याच देशाने पुढे व्हिएतनाम आणि अल्जीरिया येथील लोकांच्या स्वातंत्र्याच्या हाका मात्र अनेक वर्षे ऐकल्या नाहीत, हेही इतिहासात लिहिलेले आहे. फ्रान्समध्ये १८ जून हा आज राष्ट्रीय स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जातो; आणि त्याचे कारण असलेले भाषण त्या रात्री जवळजवळ कोणीच ऐकले नव्हते.

आणि आता मडगाव. १९४६ चा जून महिना. हिंदुस्थानातून इंग्रज जाणार हे दिसू लागले होते. गोव्यात मात्र १५१० पासून बसलेली पोर्तुगीज सत्ता हलण्याचे चिन्ह नव्हते. सालाझारच्या राजवटीत परवानगीवाचून सभा घेणे हा गुन्हा होता. छापील मजकुराला पूर्वतपासणी होती. लग्नपत्रिकासुद्धा त्या जाचातून सुटत नसे. ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न पूर्वी झाले नव्हते असे नाही. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांनी १९२८ सालीच गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती आणि लेखणीने ते सतत झुंजत होते. परंतु उघड्या मैदानात, हजारोंच्या समोर, कायदा मोडून बोलण्याचा प्रसंग अजून यावयाचा होता.

डॉ. राममनोहर लोहिया त्या एप्रिलमध्ये आग्र्याच्या तुरुंगातून सुटले होते. तुरुंगातील छळाने त्यांची प्रकृती खालावली होती. बर्लिनच्या विद्यार्थिदशेतील त्यांचे मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी त्यांना विश्रांतीसाठी साष्टीतील आसोळणे या आपल्या गावी बोलावले. विश्रांती अर्थातच घडली नाही. गोव्यातील तरुण कार्यकर्ते एकेक करून भेटीस येऊ लागले, गाऱ्हाणी सांगू लागले. आणि पाहुण्याने आपल्या स्वभावाप्रमाणे उपाय सांगितला, तो सविनय कायदेभंगाचा. १८ जून ही तारीख ठरली.

कोकणपट्टीत मृगाचा पाऊस म्हणजे काय, हे गोमंतकीयांना सांगावयास नको. त्या मंगळवारी पाऊस कोसळत होता. सभेला बंदी होती आणि शहरात पोलीस होते. तरीही मैदानावर छत्र्यांची गर्दी झाली. लोहिया आणि मिनेझिस येताच जयघोष झाला. पोर्तुगीज प्रशासक मिरांदा पिस्तूल घेऊन आडवा आला, तेव्हा लोहियांनी त्याचा हात धरून त्याला शांतपणे बाजूला केले, असे तेथे हजर असलेल्यांनी सांगितले आहे. ते बोलू लागताच दोघांनाही अटक झाली. थोड्याच अवधीत लोहियांना गोव्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. सभा उधळली, वक्ता हद्दपार झाला, पाऊस चालूच होता.

पण पोर्तुगीज कारभाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. त्या संध्याकाळी मैदानावर जमलेल्या माणसांनी एकमेकांना पाहिले होते. आपल्या मनात आहे ते शेजाऱ्याच्याही मनात आहे, हे कळले की धाकाचे निम्मे बळ सरते. पुढच्या दिवसांत पुन्हा सभा झाल्या, पुन्हा अटका झाल्या. कुन्हा यांना जुलैत पकडून लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि दूर पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. पुरुषोत्तम काकोडकर आणि इतर सहकारीही असेच समुद्रापार गेले. सप्टेंबरात लोहिया पुन्हा आले. कुळे येथे पकडले गेले आणि आग्वादच्या किल्ल्यात त्यांना ठेवण्यात आले. १५ ऑगस्ट १९४७ आला आणि गेला. गोवा होता तेथेच राहिला.

त्यानंतरचा इतिहास सीमाभागातील मराठी घरांना विशेष परिचयाचा आहे. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये यांच्यासारखे सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, काठ्यांचा मार खाऊन आले किंवा आग्वादच्या कोठडीत पडले. बेळगाव आणि सावंतवाडी ही त्या दिवसांत सत्याग्रहींची मुक्कामाची ठिकाणे बनली होती. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि अनेकांचे प्राण घेतले. अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मडगावच्या त्या अपुऱ्या सभेपासून हा दिवस यायला साडेपंधरा वर्षे लागली. ते मैदान आज लोहिया मैदान म्हणून ओळखले जाते आणि १८ जून हा गोव्यात क्रांतिदिन म्हणून साजरा होतो.

हळदीघाट, ग्वाल्हेर, कॅनानडेग्वा, लंडन आणि मडगाव या पाच ठिकाणी एकाच तारखेला पाच माणसे हरली, पडली, दोषी ठरली, ऐकली गेली नाहीत किंवा पकडली गेली. त्यांना जोडणारा ग्रहांचा कोणताही योग नाही. मग ही तारीख मोठी का ठरली? हरणे हेच मोठेपण असते काय? तसे मुळीच नाही. इतिहासात हरलेले असंख्य आहेत आणि बहुतेकांची आठवणही उरलेली नाही. अठरा जून मोठा ठरला तो एकोणीस जूनमुळे. अठराला जे घडले ते संपले असे मानायला दुसऱ्या दिवशी कोणीतरी नकार दिला. राणा डोंगरात शिरला, पण वाकला नाही. अँथनी यांनी दंड भरला नाही. द गॉल पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर बसला. कुन्हा पेनिशच्या किल्ल्यात गेले, पण माफी मागून सुटले नाहीत. आणि ग्वाल्हेरला, जिथे दुसरा दिवस पाहायला राणीच उरली नव्हती, तिथे तो नकार एका गरीब भिक्षुकाने आपल्या बोरूने लिहून ठेवला.

म्हणून दिनविशेषाची ओळ वाचताना तिच्यापुढचा दिवसही वाचावा. त्या दिवशी काय झाले, एवढ्यावर न थांबता, त्यानंतर कोणी काय केले, हे विचारावे. पणजीच्या अठरा जून मार्गावरून आज जी माणसे छत्री सावरत, बाजारहाट करत, मोकळेपणाने बोलत जातात, त्यांपैकी कितीजणांना ती सभा आठवत असेल? न आठवली तरी चालेल. चार माणसे रस्त्यात उभी राहून सरकारविषयी मोठ्याने बोलू शकतात आणि कोणी त्यांना पकडून नेत नाही, यातच मडगावचे ते अर्धवट राहिलेले भाषण पुरे झाले आहे.